हरवलेली पुस्तके आणि न उघडलेली पुस्तके

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जावे, मागच्या रांगेतील एखादे पुस्तक काढावे आणि त्याचे शेवटचे पान उलटावे. तेथे एक तारीखपत्रिका चिकटवलेली आढळते. पुस्तक ज्या दिवशी परत यावयाचे त्या दिवसाचा शिक्का तिच्यावर मारावयाचा, अशी रीत होती. काही पत्रिकांवर शिक्क्यांची इतकी दाटी झालेली असते की, खाली दुसरी पत्रिका जोडावी लागलेली असते. ही बहुधा क्रमिक पुस्तके असतात. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या कितीतरी पुस्तकांवर मात्र दोन किंवा तीनच शिक्के दिसतात, आणि त्या दोन शिक्क्यांमध्ये कधी दहा-बारा वर्षांचे अंतर असते. काही पत्रिका तर अगदी कोऱ्या असतात. दाखल क्रमांक, खरेदीची तारीख, किंमत आणि पुरवठादाराचे नाव ही माहिती त्याच पुस्तकात सुवाच्य अक्षरांत लिहिलेली असते. पुस्तक केव्हा आले आणि केवढ्याला पडले, हे ग्रंथालयाला पक्के ठाऊक असते. ते कोणाच्या उपयोगी पडले काय, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो.

आता तारीखपत्रिकेचे दिवस सरत आले आहेत. सोल, कोहा, ई-ग्रंथालय अशा संगणकप्रणाली गेल्या काही वर्षांत महाविद्यालयांत आल्या, पुस्तकांवर बारकोड चिकटले आणि देवघेवीची नोंद पडद्यावर होऊ लागली. या प्रणालींचा एक मोठा गुण असा की, गेल्या पाच वर्षांत एकदाही बाहेर न गेलेल्या पुस्तकांची यादी त्या काही क्षणांत काढून देऊ शकतात. पूर्वी हे काम करावयाचे तर प्रत्येक पुस्तक हातात घ्यावे लागले असते. पण ही यादी मागवून घेणारे प्राचार्य विरळा आणि ती पाहू इच्छिणारे संस्थाचालक त्याहून विरळा. ग्रंथालयाविषयी जे विचारले जाते ते ठरलेले आहे: एकूण ग्रंथ किती, यंदाचा खर्च किती आणि गहाळ पुस्तके किती.

या तीन प्रश्नांपैकी तिसरा प्रश्न ग्रंथालयाचा स्वभाव घडवतो. पुस्तक हरवले की खुलासा मागितला जातो, पत्रव्यवहार होतो, लेखापरीक्षणात शेरा येतो आणि ग्रंथपाल निवृत्त होताना कार्यभार सोपवण्याच्या वेळी तो शेरा पुन्हा डोके वर काढतो. आयुष्यभराच्या नोकरीनंतर निवृत्तिवेतनाचे कागद अडू नयेत म्हणून खिशातून गहाळ पुस्तकांची किंमत भरण्याची धास्ती अनेकांनी बाळगलेली असते. उलट, शंभर पुस्तके तीस वर्षे कपाटात जशीच्या तशी राहिली, तर त्याबद्दल कोणी कोणाला एक ओळ लिहीत नाही. किंबहुना ग्रंथपडताळणीत ती सर्व जागेवर सापडतात, म्हणून तो ग्रंथालयाच्या चोख कारभाराचा पुरावा ठरतो. हरवलेले पुस्तक मोजले जाते आणि न उघडलेले पुस्तक मोजले जात नाही. अशा हिशेबात ज्याची नोकरी अडकली आहे तो माणूस पुस्तक देण्यापेक्षा राखण्याकडे वळला, तर त्याला दोष कसा देणार? त्याला पगार ग्रंथपालाचा मिळतो आणि जबाबदारी मात्र कोठीवाल्याची दिली जाते.

वस्तुतः हा हिशेब सरकारी नियमांना धरूनही नाही. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी एक स्वतंत्र नियम आहे. २००५ च्या नियमावलीत तो होता आणि २०१७ च्या सुधारित नियमावलीतही तो २१५ व्या क्रमांकावर कायम राहिला. वर्षभरात वाचकांना दिलेल्या वा त्यांनी चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची हानी वाजवी मानावी, असा त्याचा आशय आहे. अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा यांमुळे ती झालेली नसावी, एवढी अट आहे. आणि हजार रुपयांहून अधिक किमतीचे किंवा दुर्मीळ पुस्तक गेले, तर चौकशी झालीच पाहिजे. संपूर्ण ग्रंथपडताळणी दरवर्षी करण्याचे बंधनही वीस हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या संग्रहांपुरतेच आहे. त्याहून मोठ्या संग्रहांसाठी तीन वर्षांची मुदत आहे, आणि पन्नास हजारांच्या पुढे नमुना-पडताळणी पुरते.

हा नियम लिहिणाऱ्याने वाचनालयाच्या व्यवहाराचा मर्मबिंदू अचूक हेरला होता, असे म्हणावे लागेल. त्याने हानीचे प्रमाण कपाटातील पुस्तकांशी न जोडता देवघेवीशी जोडले. ज्या ग्रंथालयातून वर्षाला वीस हजार वेळा पुस्तके दिली गेली, तेथे शंभर पुस्तके न परतणे वाजवी ठरते. ज्या ग्रंथालयाने हजारच वेळा पुस्तके दिली, त्याला पाचांपलीकडे सवलत नाही. म्हणजे जो ग्रंथपाल अधिक देतो त्याला संरक्षण अधिक, आणि जो कुलूप लावून बसतो त्याला जवळजवळ काहीच नाही. हा नियम केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी आहे, राज्यातील अनुदानित महाविद्यालयांवर तो आपोआप बंधनकारक होत नाही, हे खरे. पण त्यामागचा विचार घेण्यास कोणाची आडकाठी आहे? तालुक्याच्या गावातील महाविद्यालयांच्या नित्य कारभारात त्या विचाराचा मागमूसही क्वचितच लागतो. तेथे हानी शून्य असावी हीच अपेक्षा असते, आणि शून्य हानी साधण्याचा खात्रीचा मार्ग एकच आहे. तो म्हणजे पुस्तक बाहेर जाऊ न देणे.

हा मार्ग प्रत्यक्षात कसा अवलंबला जातो, हे पाहावयाचे असेल तर देवघेवीच्या खिडकीशी काही वेळ उभे राहावे. विद्यार्थ्याच्या हाती एक किंवा दोन बी.टी. कार्डे असतात. प्रथम वर्षाला अमुक वार, द्वितीय वर्षाला तमुक वार, अशी वाटणी ठरलेली असते. खिडकी दोन-अडीच तास उघडी असते आणि ती वेळ नेमकी तासांच्या मध्यावर येते. दुपारची एस.टी. गाठावयाची असल्याने ज्यांना तास संपताच स्थानकाकडे धावावे लागते, अशा बाहेरगावच्या मुलामुलींना ही खिडकी बहुधा बंदच दिसते. उघडी सापडली, तरी आत जाता येत नाही. चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव आणि लेखक लिहून द्यावयाचा, परिचराने ते शोधून आणावयाचे किंवा ‘बाहेर आहे’ असे सांगावयाचे. मग मुलगा म्हणतो, ‘मग अर्थशास्त्राचं दुसरं कुठलंही द्या.’ परिचर हाताशी असलेले पुस्तक पुढे सरकवतो. आठ दिवसांनी ते न वाचताच परत येते, आणि ‘मुले वाचत नाहीत’ या सिद्धांताला आणखी एक दाखला मिळतो.

ज्या पुस्तकाचे नाव ठाऊक नाही ते पुस्तक चिठ्ठीवर लिहिता येत नाही, ही या पद्धतीतील मूळची खोट होय. ज्याच्या घरी भिंतभर पुस्तके आहेत, ज्याचे आईवडील वाचतात, तो मुलगा नाव घेऊन येतो. पण या महाविद्यालयांत येणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग असा आहे की, त्याच्या घरात पाठ्यपुस्तक आणि पंचांग यांपलीकडे छापील कागद क्वचितच आलेला असतो. वीस-पंचवीस हजार पुस्तके एका छताखाली असलेली जागा त्याच्या आयुष्यात प्रथमच येते, आणि पदवीची तीन-चार वर्षे संपली की पुन्हा येण्याची शाश्वती नसते. त्याला कपाटांमधून हिंडू दिले पाहिजे. हाताला लागेल ते पुस्तक काढावे, दोन पाने वाचावीत, न आवडल्यास ठेवून द्यावे आणि शेजारचे घ्यावे, अशा निरुद्देश भटकंतीतूनच वाचक तयार होतो. नेमक्या याच मुलाला गजांच्या बाहेर उभे केले जाते आणि नाव माहीत असल्याशिवाय वस्तू मिळणार नाही, असे सांगितले जाते. किराणा दुकानातही आज कोणी असे सांगत नाही.

वाचकाला कपाटापर्यंत जाऊ देण्याच्या या रीतीस ग्रंथालयशास्त्रात मुक्तद्वार पद्धती म्हणतात, आणि ती काही आजची नाही. इंग्लंडमध्ये जेम्स डफ ब्राउन याने १८९४ मध्ये क्लर्कनवेल येथील सार्वजनिक वाचनालयात ती आणली. आपल्याकडे शि. रा. रंगनाथन यांनी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयाची सूत्रे घेतली. ते गणिताचे अध्यापक. आरंभी त्यांना या नोकरीचा कंटाळा आला होता, असे सांगतात. पण इंग्लंडमधील ग्रंथालये पाहून परतल्यावर त्यांनी मद्रासच्या वाचकांना कपाटे खुली केली. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांतील पहिला सिद्धांत ग्रंथ हे उपयोगासाठी असतात एवढेच सांगतो. तिसरा प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळवून देण्याची जबाबदारी ग्रंथालयावर टाकतो. ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक पदवीधराने हे सिद्धांत परीक्षेत लिहिलेले असतात, आणि १२ ऑगस्टला रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो. तो हार पुष्कळदा कुलूपबंद कपाटाच्या काचेवरच टांगलेला असतो, हा भाग निराळा.

मराठी माणसाला याहून जवळचे उदाहरण बडोद्याचे आहे. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास प्रारंभ केला. जेथे वाचनालय नव्हते अशा गावी पुस्तके पेट्यांत भरून पाठवली जात. पेटी खेड्यात गेली की तिच्यातील एखादे पुस्तक परत येणार नाही, हे त्या दरबाराला कळत नव्हते असे नाही. पण पुस्तक गावी जाण्यातून होणारा लाभ त्या तुटीपेक्षा मोठा आहे, असे त्यांनी ठरवले होते. शंभर वर्षांपूर्वी एका संस्थानिकाने खेडुतांवर टाकलेला हा विश्वास आज महाविद्यालये आपल्याच विद्यार्थ्यांवर टाकावयास कचरतात. त्या विद्यार्थ्यांकडून त्यांनी ग्रंथालय शुल्क घेतलेले असते आणि वर अनामतही ठेवून घेतलेली असते.

मुक्तद्वार ठेवले की पुस्तके चोरीस जातात, पाने फाडली जातात, हा आक्षेप खोटा नाही. परीक्षेच्या हंगामात ब्लेडने प्रकरणेच्या प्रकरणे कापून नेणारे महाभाग प्रत्येक महाविद्यालयात निघतात, आणि त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण पान कापले जाते ते बहुतेक क्रमिक पुस्तकाचे, कारण प्रती मोजक्या आणि गरजू पुष्कळ. त्यावरील उपाय म्हणजे प्रती वाढवणे आणि झेरॉक्सची सोय देणे. इतिहासाचे, प्रवासाचे, चरित्राचे, विज्ञानाचे पुस्तक चोरून नेण्याइतकी ओढ एखाद्या विद्यार्थ्याला वाटली, तर ती शिक्षा करण्यासारखी बाब खचितच आहे. परंतु ज्या ग्रंथालयात वर्षानुवर्षे अशी एकही चोरी झालेली नाही, त्याची प्रकृतीही तपासून घ्यावी. माणसांची कमतरता हा याहून खरा अडथळा आहे. अनेक अनुदानित महाविद्यालयांत ग्रंथपालाचे आणि परिचरांचे पद निवृत्तीनंतर वर्षानुवर्षे रिक्त राहिले, आणि शेकडो विद्यार्थ्यांची देवघेव एक-दोन माणसांवर येऊन पडली. मुक्तद्वारात पुस्तके अस्ताव्यस्त होतात आणि ती रोज जागेवर लावावी लागतात. त्याला हात हवेत. ‘कमवा आणि शिका’ योजनेतील विद्यार्थी हे काम पुष्कळ ठिकाणी उत्तम करतात, आणि कपाटे लावणारा विद्यार्थी आपोआप चार पुस्तके वाचतो, असाही अनुभव आहे.

आजकाल प्रत्येक दुखण्याचे खापर मोबाईलवर फोडण्याची सोय झाली आहे. विद्यार्थ्यांच्या हाती पडदा आला आणि पुस्तक सुटले, असे व्याख्यानांतून सांगितले जाते. त्यात तथ्याचा अंश आहे, हे कोणी नाकारणार नाही. पण कोऱ्या तारीखपत्रिका मोबाईलच्या आधीच्या आहेत. १९७० आणि १९८० च्या दशकांत खरेदी झालेली आणि तेव्हाही न उघडलेली पुस्तके कपाटांत साक्षीला उभी आहेत. त्या वेळी मुलांच्या खिशात काय होते? शिवाय वाचनकक्षात पाऊल टाकले, तर ‘मुले येत नाहीत’ ही तक्रारही टिकत नाही. सकाळी दार उघडण्याआधी बाहेर रांग लागलेली असते. पुण्यात आणि आता जिल्ह्याजिल्ह्यात पैसे घेऊन बसावयास खुर्ची देणाऱ्या अभ्यासिका निघाल्या आणि त्या भरून वाहतात.

मात्र तेथे काय चालते, ते नीट पाहावयास हवे. लोकसेवा आयोगाची, पोलीस भरतीची, तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करणारी ही मुले स्वतःची पुस्तके घेऊन येतात. चालू घडामोडींची मासिके आणि प्रश्नसंच यांच्या थप्प्या टेबलावर असतात. घरी दोन खोल्यांत सहा माणसे असतात. ग्रंथालयात खुर्ची, पंखा, दिवा आणि शांतता मिळते. ही गरज खरी आहे आणि ती भागवणे हे महाविद्यालयाचे कर्तव्यच होय. त्यांच्यापासून दहा फुटांवर असलेल्या कपाटांशी मात्र त्यांचा काही संबंध येत नाही. दारातील नोंदवहीत त्यांच्या सह्या होतात, आणि या सह्याच ग्रंथालयाच्या उपयोगाचा पुरावा म्हणून पुढे केल्या जातात. ‘नॅक’ने २०१७ मध्ये आणलेल्या मूल्यांकनाच्या आराखड्यात अध्यापक व विद्यार्थी दररोज ग्रंथालयाचा किती वापर करतात, हे विचारले होते. प्रश्न चांगला होता. पण त्याचे उत्तर दारातून आत आलेल्यांच्या आणि संगणकावर प्रवेश केलेल्यांच्या संख्येने द्यावयाचे होते. किती पाय आत आले हे मोजले गेले, किती पुस्तके हातांत बाहेर गेली हे नव्हे. परिणामी मूल्यांकन समिती येण्याच्या सुमारास नोंदवह्या कशा भरगच्च होतात, हे महाविद्यालयांत वावरणाऱ्याला सांगावयास नको.

न वाचली जाणारी पुस्तके ही केवळ आपल्याच दारिद्र्याची खूण आहे, असेही समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाची पाहणी १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके पुढील सहा-सात वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती, असे तीत आढळले. त्यावर तेथील प्राध्यापक बरेच खवळले. संशोधनाचे ग्रंथ बाजारातील भाजीसारखे मोजता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते, आणि विद्यापीठापुरते ते बरोबरही आहे. तीस वर्षांतून एकदाच उघडला जाणारा ग्रंथ त्या एका अभ्यासकासाठी जपून ठेवणे हे विद्यापीठाचे काम आहे. पण पदवी महाविद्यालयाचे ग्रंथालय म्हणजे पुराभिलेखागार नव्हे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पिट्सबर्गने मोजले, आकडा लाजिरवाणा असूनही छापला आणि त्यावर भांडण होऊ दिले. आपल्याकडील किती महाविद्यालयांनी आपला असा आकडा निदान आपल्या ग्रंथालय समितीपुढे ठेवला आहे?

हा आकडा पुढे आला तर काही अडचणीचे प्रश्न उभे राहतील, हेही उघड आहे. पुस्तके घेतली कशी जातात, हा त्यांतला पहिला. राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्ये शिक्षणसंस्थांनी अंदाजपत्रकाचा सुमारे सव्वासहा टक्के भाग ग्रंथालयावर खर्च करावा असे सुचवले होते. ते प्रमाण कागदावरच राहिले. जो पैसा मिळतो तो पुष्कळदा मार्चअखेर हाती पडतो आणि त्याच महिन्यात खर्ची घालावा लागतो. मग जो विक्रेता अधिक सूट देईल आणि दोन दिवसांत गठ्ठे पोचवील, त्याच्याकडे जे शिल्लक असेल ते ग्रंथालयात येते. विद्यार्थ्याला काय हवे, हे विचारण्यास फेब्रुवारीत कोणाला सवड नसते आणि मार्चमध्ये वेळ नसतो. त्यातही विज्ञान, वाणिज्य आणि समाजशास्त्रे या विषयांवर पदवीच्या विद्यार्थ्याला पेलतील अशी मराठी पुस्तके थोडी. इंग्रजी ग्रंथ शोभेसाठी येतात, कारण यादीत त्यांची नावे भारदस्त दिसतात.

दुसरा प्रश्न अध्यापकांचा आहे, आणि तो अधिक नाजूक आहे. विद्यार्थी पुस्तक मागत नाही याचे मोठे कारण असे की, त्याच्याकडून ते कोणी मागितलेले नसते. सत्र पद्धतीत जेमतेम पंधरा आठवड्यांत अभ्यासक्रम उरकावयाचा. तासाला टिपणे सांगावयाची किंवा आता त्यांची छायाचित्रे गटावर पाठवावयाची. प्रश्न ठरलेले, उत्तरे गाईडात छापलेली. अशा परीक्षेसाठी मूळ ग्रंथ वाचणे हे विद्यार्थ्याच्या दृष्टीने शहाणपणाचे नसते, आणि विद्यार्थी अडाणी नसतात. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम लागू होऊ लागला. त्यात अंतर्गत मूल्यमापनाला वाव आहे, आणि तो खरोखर वापरता येण्यासारखा आहे. यादीबाहेरचे एक पुस्तक ग्रंथालयातून न्यावे, वाचावे आणि अध्यापकासमोर दहा मिनिटे त्याविषयी बोलावे, एवढे जरी गुणांना जोडले तरी खिडकीवरील चिठ्ठ्या बदलतील. पण त्यासाठी अध्यापकाने ते पुस्तक वाचलेले असावे लागेल. देवघेवीच्या नोंदींत अध्यापकांच्या नावापुढे काय दिसते, हे ग्रंथपाल संकोचामुळे सांगत नाहीत. काहींच्या नावावर काही वर्षांत एकही पुस्तक नसते. तर काहींच्या नावावर वीस पुस्तके दहा वर्षे अडकलेली असतात आणि ती मागण्याची छाती कोणाला होत नाही. दररोज रुपया-दोन रुपये दंड भरावा लागतो तो विद्यार्थ्याला.

अध्यापकाने स्वतःच्या हाताने पुस्तक देणे याचे मोल किती असते, हे महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शाळेत असताना उद्यानात वाचत बसत. तेथे कृष्णराव अर्जुन केळुसकरांचे त्यांच्याकडे लक्ष गेले आणि त्यांनी मुलाला पुस्तके देण्यास आरंभ केला. पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रा. म्यूलर त्यांना आपली पुस्तके वाचावयास देत. या दोघांनी मुलाकडून अनामत घेतली नव्हती किंवा बी.टी. कार्डही मागितले नव्हते. पुढे बाबासाहेबांनी स्वतःचा प्रचंड ग्रंथसंग्रह केला आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या द्वारे १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ व १९५० मध्ये औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय उभे केले. त्या महाविद्यालयांत आणि त्यांसारख्या इतर अनेक महाविद्यालयांत शिकलेल्यांच्या आत्मकथनांतून ग्रंथालयाची खोली पुनःपुन्हा येते. त्यांना कोणीतरी एक पुस्तक वेळेवर दिले होते.

या साऱ्यावर अलीकडे एक सोपे उत्तर सांगितले जाते, ते ई-साधनांचे. इन्फ्लिबनेटने २०१० मध्ये महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट योजना आणली आणि थोड्या वर्गणीत हजारो नियतकालिके व लाखो ई-पुस्तके उपलब्ध करून दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेला तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये मंजूर केले. संशोधकांना यांचा लाभ मोठा आहे. पण खेड्यातून आलेल्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला इंग्रजी संशोधन-नियतकालिकाचा परवलीचा शब्द देऊन काय साधणार? त्याला प्रथम दीडशे पानांचे, त्याला समजेल अशा मराठीतले, हातात धरता येईल असे पुस्तक हवे आहे. तेवढे त्याच इमारतीत आहे; फक्त ते गजांच्या पलीकडे आहे.

म्हणून आरंभ हिशेबापासूनच व्हावयास हवा. राज्याच्या उच्च शिक्षण विभागाने आणि विद्यापीठांनी देवघेवीशी जोडलेली हानीची वाजवी मर्यादा स्पष्ट शब्दांत जाहीर करावी आणि त्या मर्यादेपर्यंतच्या पुस्तकांचे निर्लेखन प्राचार्यांच्या सहीने होऊ द्यावे. ग्रंथपालाच्या निवृत्तीशी त्याचा संबंध राहू नये. महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात एकूण ग्रंथसंख्येच्या शेजारीच वर्षभरात किती ग्रंथ दिले गेले, किती विद्यार्थ्यांनी क्रमिक पुस्तकांखेरीज निदान एक तरी पुस्तक नेले आणि किती ग्रंथ पाच वर्षे जागचे हलले नाहीत, हे आकडे छापले जावेत. त्याला नवा निधी लागत नाही. संगणकात ते पडून आहेत. वाचन प्रेरणा दिनी टेबलावर पुस्तके मांडून छायाचित्रे काढण्यास जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळ या कामास पुरेल.

आणि एक गोष्ट तर येत्या उन्हाळ्यातच करता येण्यासारखी आहे. सध्याची रीत अशी की, परीक्षेचे प्रवेशपत्र हवे असेल तर सर्व पुस्तके जमा करून ‘काही देणे नाही’ असा दाखला आणावा लागतो. त्यानंतर सुटीत ग्रंथालयात पडताळणी चालते. विद्यार्थ्याला वर्षातून जे पाच-सहा आठवडे खरोखर मोकळे मिळतात, नेमक्या त्याच दिवसांत वीस हजार पुस्तके कुलपात मोजली जात असतात, आणि तो विद्यार्थी गावी हाताला काही छापील नसताना दुपार काढीत असतो. पडताळणी दिवाळीच्या सुटीत हलवता येईल किंवा कपाटागणिक वर्षभर करता येईल. प्रथम आणि द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना पुढल्या वर्षीही येथेच यावयाचे असते. त्यांना शेवटच्या पेपराच्या दिवशी कपाटे उघडून द्यावीत, प्रत्येकाला हवी ती पाच पुस्तके निवडू द्यावीत आणि जूनमध्ये परत आणण्यास सांगावे. किती परत आली नाहीत, हे जूनमध्ये मोजता येईल.